सचिनचा नाला आणि उदासिनीकरणाचे समीकरण

जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांकडे सोडून सिद्दी अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियां याने १७९१ मध्ये सुरतेजवळचा जो मुलूख पत्करला, तेच सचिन संस्थान होय. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० नंतर हा भाग गुजरातेत गेला. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि नबाबाच्या सचिनची ओळख कापडाची रंगाई व रसायने यांवरून होऊ लागली.

अशा गावी आम्ल आणि आम्लारी यांचा संबंध रोजचाच. तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी कोणतेही घेतले, तरी विरल द्रावणात दर मोल पाण्यामागे सुमारे ५७ किलोज्यूल इतकीच उष्णता का निघावी, हे एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञांना पडलेले कोडे होते. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांच्या १८८७ च्या आयन-सिद्धान्ताने ते उलगडले. हायड्रोक्लोरिक आम्लात कॉस्टिक सोडा मिसळला असता सोडियम व क्लोराइड हे आयन आधी होते तसेच शेवटी उरतात. दोन्ही बाजूंचे हे तटस्थ आयन खोडले, की निव्वळ समीकरण उरते ते असे :

हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी

१९२३ मध्ये ब्रन्स्टेड व लाउरी यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना व्यापक केली. जो हायड्रोजन आयन स्वीकारतो, तो आम्लारी. मात्र आम्लारी बदलली की निष्पत्तीही बदलते.

६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील सोडियम हायड्रोसल्फाइडयुक्त टाकाऊ द्रव बेकायदेशीरपणे नाल्यात सोडण्यात आला. नाल्यातील सांडपाणी आम्लधर्मी होते. येथेही सोडियम तटस्थच राहिला. निव्वळ समीकरण मात्र निराळे होते :

हायड्रोजन आयन + हायड्रोसल्फाइड आयन → हायड्रोजन सल्फाइड वायू

कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू हवेहून जड असून त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते. धोक्याची सूचना देणारा वास तेव्हा जाणवत नाही. त्या पहाटे सहा कामगार प्राणास मुकले व वीसहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले.

आम्लात आम्लारी ओतली की विषाचे पाणी होते, हा समज अर्धवट आहे. तटस्थ आयन खोडल्यावर उजव्या बाजूस काय उरते, हे द्रव ओतण्यापूर्वीच पाहावे लागते. शालेय पुस्तकातील त्या एका ओळीचे मोल सचिनने सहा जीव देऊन चुकविले.