दोन पानांचं झाड आणि क्यूची कुंडी

३ सप्टेंबर १८५९. दक्षिण अंगोलातल्या काबो नेग्रोजवळच्या रखरखीत पठारावर फ्रीडरिख वेलविच हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ एका झाडापुढे तापल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले. हात लावला तर सगळा भासच ठरेल, अशी धास्ती त्यांना वाटली, असं सांगितलं जातं. पोर्तुगाल सरकारच्या वतीने १८५३ पासून ते अंगोलात होते. तापाने पुन्हा पुन्हा अंथरूण धरत होते, तरी वनस्पती गोळा करणं थांबलं नव्हतं. पण असलं झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जमिनीतून जेमतेम वर आलेला, माथ्यावर खोलगट, लाकडासारखा टणक बुंधा, आणि त्याच्या दोन कडांतून निघून वाळूवर लोळणारी फक्त दोन पानं.

१८६० मध्ये त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक विल्यम हुकर यांना पत्राने हा शोध कळवला. स्थानिक लोकांच्या बोलीतल्या नावावरून झाडाला ‘टुम्बोआ’ म्हणावं, अशी वेलविच यांची सूचना होती. विल्यम यांचे पुत्र जोसेफ हुकर यांनी मात्र शोधकर्त्याचंच नाव देऊन ‘वेलविचिया मिराबिलिस’ हे नाव रूढ केलं. चित्रकार-प्रवासी टॉमस बेन्स यांनी आजच्या नामिबियातूनही नमुने धाडले होते. १८६३ मध्ये जोसेफ हुकर यांचा या झाडावरचा सविस्तर प्रबंध लिनियन सोसायटीने छापला. डार्विनने तर या झाडाला वनस्पतींमधला प्लॅटिपस ठरवलं.

हुकर यांचं हे काम आजही थक्क करतं. वाळलेले, काही कुजलेले नमुने टेबलावर ठेवून त्यांनी शंकूंची बारीकसारीक रचना उलगडली. एका बाबतीत मात्र ते चुकले. ही दोन पानं म्हणजे अंकुराबरोबर येणारी बीजपत्रंच असून तीच आयुष्यभर वाढत राहतात, असं त्यांनी मांडलं. यात त्यांचा दोष काढता येणार नाही. त्यांच्यापुढे वाढलेली झाडं होती, रोप नव्हतं.

रोप दिसलं ते क्यूच्या काचगृहात. १८८०च्या सुमारास तिथे बिया रुजल्या आणि फ्रेडरिक बॉवर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचं निरीक्षण केलं. आधी दोन लहान बीजपत्रं आली. मग त्यांच्याशी काटकोन करून दुसरी जोडी फुटली. पहिली जोडी पुढे सुकून गळते, दुसरी कायमची राहते. शेंड्याची वाढ लवकरच थांबते आणि त्यानंतर झाडाला नवं पान येत नाही. बॉवर यांनी १८८१ मध्ये हे प्रसिद्ध केलं. वाळवंटातल्या हजारो झाडांनी जे दाखवलं नव्हतं, ते कुंडीतल्या मोजक्या रोपांनी दाखवलं. वेलविचियाच्या इतिहासात काचगृहाला जे मोल आहे ते यासाठी.

पान वाढतं ते बुंध्याकडून. तळाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यातून ते वर्षाला साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे सरकतं. टोक उन्हावाऱ्याने झिजतं, त्याच्या चिंध्या होतात. झाडाभोवती पट्ट्यांचा ढीग दिसला, तरी पानं दोनच असतात. रेडिओकार्बन पद्धतीने काही झाडांचं वय पाचशे वर्षांच्या पुढे निघालं आहे. सगळ्यांत मोठ्या झाडांचा अंदाज हजार वर्षांच्या पलीकडे जातो.

हे झाड जिथे वाढतं त्या नामिब वाळवंटात पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरहूनही कमी. किनाऱ्याजवळच्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळे धुकं मात्र नेहमीचं. पानं धुकं पितात असं पूर्वी ठामपणे लिहिलं जायचं. आता मुळांना मिळणाऱ्या ओलाव्याकडे अभ्यासकांचं अधिक लक्ष आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. परागण वाऱ्याने होतं की कीटकांनी, हा वादही जुनाच. पुढे केप टाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानाचे पहिले संचालक झालेले हॅरल्ड पिअरसन १९०४ मध्ये याच अभ्यासासाठी तिथे गेले, पण स्थानिक हेरेरो लोकांच्या उठावामुळे दौरा अर्धवट राहिला. नंतरच्या फेऱ्यांत त्यांनी कीटकांच्या बाजूने पुरावे गोळा केले आणि पुढच्या संशोधनाने ते उचलून धरले.

या झाडाचं एक नातं आपल्याकडेही आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानात चढणारी नीटम ऊला ही महावेल वेलविचियाच्याच गटातली. तिची रुंद, हिरवीगार पानं पाहून हे कुणाला खरं वाटणार नाही.

लागवडीत पहिला शत्रू म्हणजे काळी बुरशी, अ‍ॅस्परजिलस नायजर. चाळीतल्या कांद्यावर धरते त्याच जातीची. रानातल्या बऱ्याच बियांना ती आधीच लागलेली असते, म्हणून पेरण्यापूर्वी बुरशीनाशक लावतात. दुसरी अडचण सोटमुळाची. ते सरळ खोल जातं आणि दुखावलं की रोप हातचं जातं. त्यामुळे जाणकार माळी उथळ कुंडी वापरत नाहीत. उंच नळकांडं उभं करून त्यात भरड वाळू आणि खडी भरतात, आणि एकदा लावलेलं रोप शक्यतो हलवत नाहीत. ऊन भरपूर, ऊबही हवी. वाळवंटी झाड म्हणून पाणी तोडणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पाणी झटपट निचरून गेलं पाहिजे, पण मूळ कोरडं पडता कामा नये. मादी शंकूवर चिकट थेंब दिसू लागले की नराचे पराग ब्रशने टिपून त्या थेंबांना लावायचे. मग पंख असलेल्या बिया तयार होतात.

वेलविचिया आज नामिबियाच्या राजचिन्हावर आहे आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने नियंत्रित केला आहे. उपटलेलं जुनं झाड मूळ तुटल्यामुळे सहसा जगत नाही. कुणाला ते आपल्या संग्रहात हवंच असेल, तर त्याने बी घ्यावं, आणि तेही बागेतल्या झाडांवर धरलेलं.