पक्ष्यांसाठी १५०-६०० झूम लेन्स : वापरायची कशी?

दांडेलीचा धनेश असो की चोडण बेटाच्या खारफुटीतला खंड्या, पक्षी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. म्हणून १५०-६०० मिमीची झूम लेन्स लागते. वजन साधारण दोन किलो, त्यामुळे मोनोपॉड सोबत असलेला बरा.

शटर : बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/२००० सेकंद. स्टॅबिलायझर हाताचा कंप सांभाळतो, पक्ष्याची हालचाल नाही.

उजेड : ६०० वर अ‍ॅपर्चर बहुधा एफ ६.३ च मिळतं. जंगलात आयएसओ वाढवा. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो सुधारत नाही.

फ्रेम : आधी १५० वर पक्षी शोधा, मग झूम करा. फोकस डोळ्यावर.

वेळ : सकाळची. दुपारी हवा तापली की लांबचा फोटो पुसट येतो, तो लेन्सचा दोष नव्हे.

घरटं : धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत स्वतःला कोंडून घेते. तिला आणि पिल्लांना नर फटीतून भरवतो. ढोलीखाली माणसं दिसली की तो येायला बिचकतो आणि आत उपासमार होते. तेव्हा लेन्स कितीही लांबची असली तरी ढोलीपाशी ठाण मांडू नका.