यान लाओल्ये आणि चिनी संतूर

यान लाओल्ये हे दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांताचे यांगचिनवादक व रचनाकार. एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्या शतकाची सुरुवात हा त्यांचा काळ.

यांगचिन म्हणजे चिनी संतूर. समलंब आकाराची लाकडी पेटी, घोड्यांवरून ताणलेल्या तारा आणि वाजवायला बांबूच्या दोन लवचीक काड्या. हे वाद्य मूळचे चीनचे नाही. मिंग राजवटीच्या अखेरीस, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुमारास, ते समुद्रमार्गे ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर आले. इराणच्या संतूरशी त्याचे नाते आहे. 'यांग' म्हणजे समुद्रापलीकडचे, 'चिन' म्हणजे तंतुवाद्य. पुढे उच्चार तोच ठेवून 'यांग'साठी दुसरे अक्षर लिहू लागले, आणि नावातला परकेपणा गेला.

पण नाव बदलल्याने वाद्य घरचे होत नाही. यांगचिनचे काम मुख्यतः गायनाला आणि कथाकथनाला साथ करण्याचे होते. यान लाओल्ये यांनी जुन्या स्थानिक चाली घेतल्या आणि त्या या वाद्याच्या अंगाने नव्याने बांधल्या. मूळ सुरांमध्ये जादा स्वर भरले, एकच स्वर दोन सप्तकांत वाजवला, काड्यांच्या उसळीला वाव दिला. 'हान थ्यान लेई' (दुष्काळातील मेघगर्जना) आणि 'ताओ छुई ल्यान' (उलटा पडदा) या त्यांच्या प्रसिद्ध रचना. पहिलीत कोरड्या दिवसांनंतर ढग गडगडल्याचा आनंद आहे. आज या रचना इतर वाद्यांवरही वाजतात आणि ग्वांगदोंगचे पारंपरिक संगीत म्हणूनच ओळखल्या जातात.

आपल्याला हे ओळखीचे वाटेल. काश्मीरच्या सुफियाना संगीतातले संतूर पं. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी १९५५ साली मुंबईच्या मंचावर आणले, तेव्हा जाणकारांचा आक्षेप होता की यावर मींड निघत नाही. पंडितजींनी वाद्याची ठेवण व वादनपद्धती बदलून रागसंगीत त्यावर उभे केले.

दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पंडितजींनी वाद्याला रागसंगीताजवळ नेले, तर यान यांनी चालींना वाद्याजवळ आणले. बाहेरून आलेले वाद्य रुजते ते असे, कोणीतरी त्याच्यासाठी बसून काम केल्यावर.