घराण्याच्या नोंदींचा मागोवा

‘आमचे पूर्वज छप्पनियाच्या दुष्काळात मारवाडातून इकडे आले’, हे वाक्य आपल्या समाजातील अनेक घरांत ऐकावयास मिळते. संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ. ही स्मृती मोलाची खरी. तथापि जमाखर्चाप्रमाणे तिचाही ताळा घ्यावयास हवा.

त्यासाठीचे मुख्य साधन म्हणजे गाव नमुना नंबर १४, अर्थात जन्म-मृत्यूची नोंदवही. जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात व त्यांतील कित्येक मोडी लिपीत आहेत. दुष्काळापूर्वीच्या सालात पणजोबांच्या नावे त्या गावी अपत्यजन्माची नोंद आढळली, तर घराण्याचे आगमन त्याआधीचे ठरते. मात्र तेथे बाळाचे नाव बहुधा नसतेच. पित्याचे नाव आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच. म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर पडताळावे लागते, आणि तेथे तर निम्मा गाव १ जूनला जन्मलेला!

तिथींचा घोळ याहून मोठा. घरच्या वहीत ‘भाद्रपद वदी’ असेल, तर मारवाडी पौर्णिमान्त गणनेनुसार तो महाराष्ट्रातील श्रावण वद्य पक्ष होय. शिवाय मारवाडी पंचांगाचे संवत चैत्रात बदलते, गुजरातीचे कार्तिकात. हे ध्यानात न घेतल्यास महिन्याचा, प्रसंगी वर्षाचा फरक पडतो आणि एकच व्यक्ती दोन वाटू लागते.

शिरगणतीविषयी मात्र पुष्कळांचा गैरसमज आहे. इंग्लंडात शंभर वर्षांनंतर घरोघरच्या नोंदी खुल्या होतात. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने व्यक्तिगत माहिती गोपनीय आहे. तेथे आजोबांचे नाव सापडणार नाही, समाजाची संख्या तेवढी सापडेल. १९०१ साली देशात जैन सुमारे १३ लाख ३४ हजार होते. १९११ साली १२ लाख ४८ हजार. काळ प्लेगचा होता, हे खरे. पण धर्माच्या रकान्यात अनेकांची नोंद ‘हिंदू’ अशी झाली, हेही त्यामागील एक कारण होते. २०११ साली ही संख्या ४४,५१,७५३ भरली, पैकी १४,००,३४९ महाराष्ट्रात.

या साऱ्या कागदांत सर्वांत दुर्लक्षित राहिल्या त्या स्त्रिया. वंशावळीत पुत्रांची नावे पिढ्यान्‌पिढ्या मिळतात. मुलींची व सुनांची क्वचितच. विवाहानंतर नाव बदलले की माहेरचा धागाही तुटतो. आजीचे, पणजीचे माहेरचे नाव व गाव आता घरातील ऐंशीच्या पुढील मंडळींनाच ठाऊक असणार. ते येत्या चातुर्मासातच विचारून वहीत उतरवून घ्यावे.