झील धरणारे

आमच्या निफाडचे नाव वर्तमानपत्रात ठळक टायपात येते ते दोन कारणांनी. एक, थंडी पडली की. आणि दुसरे, कांदा पडला की. थंडी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात, कांदा लासलगावच्या मार्केटात. दोन्हीकडे आकडा जितका खाली, तितकी बातमी मोठी. तिसरे कारण ऐतिहासिक आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. त्यामुळे इतिहासावर बोलणे हा प्रत्येक निफाडकराचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे मी मानतो. मी तर शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. म्हणजे माझा हक्क दुहेरी.

निमित्त झाले भाच्याचे. तो पुण्याहून सुट्टीला आला तो पाठीवर गिटार बांधून. शेजाऱ्यांना वाटले, फवारणीचा पंप आणलाय.

"मामा, हे ब्लूज. बारा बारांचं एक आवर्तन असतं."

'बारा बार' ऐकताच आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग त्याने खुलासा केला, की बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. एका कडव्यात ओळी तीन. पहिली ओळ तशीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने तिचा निकाल लावायचा. पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात; गाणारा साधारण दोनांतच ओळ संपवतो आणि उरलेली जागा मोकळी सोडतो. त्या जागेत गिटार बोलते. गळा विचारतो, तार उत्तर देते.

"ह्याला कॉल अँड रिस्पॉन्स म्हणतात, मामा."

"आम्ही झील म्हणतो," मी म्हणालो.

ज्यांनी पोवाडा फक्त लाउडस्पीकरवर ऐकला आहे त्यांच्यासाठी सांगतो. शाहीर डफावर थाप मारून पुढे उभा असतो. मागे तुणतुणेवाला, झांजवाला, आणि हेच त्याचे झीलकरी. शाहीर ओळ टाकतो. तिचे शेपूट हे लोक वरच्या पट्टीत उचलतात आणि 'जी जी' करीत पुन्हा त्याच्या पायाशी आणून ठेवतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो आणि अफझलखान भेटीला किती जवळ आलाय याचा अंदाज घेतो. झील थांबली तर शाहिराला दम लागेल आणि खान प्रतापगडाच्या पायऱ्यांवर ताटकळत राहील.

तो अफझलखानवधाचा पोवाडा १६५९ सालच्या प्रसंगावरचा, अज्ञानदासाने रचलेला. या कामगिरीबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असे सांगतात. झीलकऱ्याला काय मिळाले, हे कुणीच सांगत नाही. बहुधा त्या घोड्याचा लगाम धरायला मिळाला असेल. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. झीलकऱ्याला तशी सोय नाही, कारण 'जी जी' मध्ये नाव बसत नाही. पुढे १८९१ साली ॲकवर्थ नावाच्या साहेबाने शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या मदतीने हे जुने पोवाडे गोळा करून छापले, हे त्याचे उपकारच. पण छापायला शब्द मिळतात. मागचा आवाज कुठल्या टायपात जुळवणार?

आपली भाषाही या मागच्या माणसांच्या मुळावर उठलेली आहे. 'री ओढणे', 'हांजी हांजी करणे', 'टाळ कुटणे', 'तेच ते तुणतुणे लावणे' या साऱ्या शिव्याच. बिचाऱ्या तुणतुण्याला तार एकच. ते दुसरे काय लावणार?

एका तारेचा विषय निघाला आणि भाचा उठूनच बसला. अमेरिकेतल्या मिसिसिपी प्रांतात काळ्या शेतमजुरांची पोरे घराच्या भिंतीला एकच तार ठोकत आणि तिच्यावर बाटली घासून वाजवीत. त्याला 'डिडली बो' म्हणत. कित्येक नामांकित ब्लूजवाले त्या भिंतीवर शिकले.

मग त्याने मागचा इतिहास सांगितला, आणि माझा थट्टेचा सूर हळूहळू खाली आला. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे त्या प्रांतात गुलाम म्हणून राबत. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्या ठेक्यावर कुदळी पडत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. मग अर्धेलीची शेती आली, मालकाच्या वहीतले न फिटणारे कर्ज आले, आणि जो तो आपापल्या तुकड्यावर एकटा पडला. साद घालायची सवय होती. उत्तर द्यायला मागे टोळी नव्हती. तेव्हा त्या एकट्या माणसाने तारेलाच झील धरायला लावली. जाणकार ब्लूजच्या जन्माची कारणे अनेक देतात. मला हे पटले.

डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक बँडमास्तर १९०३ च्या सुमारास तिकडच्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. गाडी नऊ तास लेट. (मनमाड मार्गावरच्या प्रवाशांना यात नवल वाटू नये.) त्याचा डोळा लागला आणि जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवतोय, एकच ओळ तीनदा म्हणतोय, आणि गिटार त्याला साथ देतेय. हँडीने पुढे तशी गाणी लिहून छापली. जग त्याला 'ब्लूजचा जनक' म्हणते. त्या फाटक्या माणसाचे नाव कुणाला ठाऊक नाही. म्हणजे साहेबाच्या देशातही झीलकऱ्यांचे हेच!

अपवाद एक. बी. बी. किंग. हा १९२५ साली मिसिसिपीत जन्मला, २०१५ साली गेला. गाताना आपल्याला वाजवता येत नाही, असे तो स्वतःच सांगे. म्हणून आधी तो गाई, मग गिटार. १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी त्याचे गाणे चालू होते. थंडी निफाडसारखी, म्हणून मधोमध रॉकेलची शेकोटी. दोघांची मारामारी झाली, शेकोटी कलंडली, जागा पेटली. हा बाहेर पळाला आणि गिटारीसाठी पुन्हा आगीत शिरला. मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाली होती, असे कळल्यावर त्याने गिटारीचे नावच ल्यूसिल ठेवले. एवढ्या इतिहासात उत्तर देणारीला नाव मिळालेले मी तरी प्रथमच ऐकले.

आमच्या रानडे यांना हे पटले असते. १९०० साली मराठ्यांच्या उदयावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात त्यांचे म्हणणे असे, की मराठ्यांचे राज्य ही एकट्या पुरुषाची करामत नव्हे. संतांनी आधी सगळ्या जातींतली माणसे जागी केली होती. माझ्या भाषेत सांगायचे तर शिवाजीमहाराजांनी ओळ टाकली तेव्हा मागे झील तयार होती.

आमच्या आळीत एक आबा आहेत. ऐंशी उलटली. चाळीस वर्षे एका शाहिराच्या मागे उभे राहिले. शाहीर वारले, फड मोडला. एकदा मी म्हटले, "आबा, जरा झील ऐकवा की."

"एकट्याला झील धरता येत न्हाई, गुरुजी," आबा म्हणाले. "म्होरं कुणी वळ टाकाया पायजे."

टोळी गेली तर गाणाऱ्याला तार सापडली. गाणाराच गेला तर झीलकऱ्याने काय करावे? याचे उत्तर मिसिसिपीतही नाही.

भाच्याने त्यांना मोबाइलवर बी. बी. किंग ऐकवला. आबांना इंग्रजीचा गंध नाही. डोळे मिटून, कानावर हात ठेवून बसले. दुसऱ्या कडव्याला ओळ संपली, मोकळी जागा आली, आणि ल्यूसिलच्या जरासे आधी आबांच्या गळ्यातून बारीक 'जी' निघाला. भाचा माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, बरोब्बर जागेवर!"

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आबांकडे गेलो. म्हटले, इतिहासाने झीलकऱ्यांची नावे गाळली. निदान एक तरी मी छापून आणतो. आबांनी शाहिराचे नाव, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट, दोनदा सांगितले.

"आणि तुमचं?"

"माजं कशाला? म्या नुसती झील धरली."

बराच आग्रह केला. ऐकेनात. त्यामुळे नाइलाजाने याही लेखात ते नाव आलेले नाही.