‘अमारा’ या रूपाचा अर्थपालट

स्पॅनिश शिकणाऱ्यास संभावनार्थ, म्हणजे इंग्रजी व्याकरणात ज्यास ‘सब्जंक्टिव्ह’ म्हणतात तो अर्थ, प्रथम दुर्घट वाटतो. ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या धातूची ‘अमारा’ आणि ‘अमासे’ ही रूपे इच्छा, संशय किंवा अट दर्शवितात, आणि प्रचलित व्याकरणे ती बहुधा समानार्थी म्हणून देतात. परंतु या दोन रूपांचे कूळ एक नव्हे. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याने हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

‘अमासे’ हे लॅटिन ‘अमाविस्सेम्’ या संभावनार्थी रूपापासून आले. ‘अमारा’चे मूळ मात्र ‘अमावेराम्’. त्याचा अर्थ ‘मी प्रेम केले होते’ असा, म्हणजे निखळ स्वार्थी पूर्ण भूतकाळाचा. सीदविषयक मध्ययुगीन वीरकाव्यात या वर्गाची रूपे बहुधा याच अर्थाने येतात. पुढे पूर्ण भूतकाळासाठी ‘अबिया अमादो’ हे संयुक्त रूप रूढ झाले, आणि संकेतार्थी वाक्यांत वावरणारे ‘अमारा’ हळूहळू संभावनार्थाकडे सरकले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काही लेखकांनी जुना अर्थ पुन्हा प्रचारात आणला. आंद्रेस बेल्यो याने १८४७ च्या आपल्या व्याकरणात हा प्रयोग अर्थाचा घोटाळा करणारा म्हणून त्याज्य ठरविला.

शब्दांचीही हीच गत आहे. ‘ल्वेगो’ म्हणजे आज ‘नंतर’. जुन्या कास्तिलियनमध्ये ‘ताबडतोब’. जुन्या आज्ञापत्रातील तातडी त्यामुळे आजच्या वाचकास दिरंगाई भासू शकते. ‘अमारे’ हा भविष्यकालीन संभावनार्थ बोलीतून जवळजवळ लुप्त झाला, तरी कायद्याने तो जतन केला आहे. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेतील मनुष्यवधाच्या १३८ व्या कलमात ‘मातारे’ हे त्याच घडणीचे रूप आढळते.

पोर्तुगीज ही स्पॅनिशची भगिनी. तिने मात्र वेगळी वाट धरली. तेथे हा भविष्यकालीन संभावनार्थ नित्य व्यवहारात आहे, आणि लिखित भाषेत ‘अमारा’चा मूळ पूर्ण भूतकाळही टिकून आहे. म्हणून गोव्यातील पोर्तुगीज दप्तरे केवळ स्पॅनिशच्या आधारे वाचू पाहणाऱ्याने सावध राहावे. ‘दिले होते’ हे ‘दिले असते’ असे वाचले गेल्यास घडलेली घटना न घडलेली ठरते, आणि एका प्रत्ययाच्या चुकीने पुरावाच उलटतो.