डोक्याचा मार आणि खेळाडूची हिंमत

डोक्याला वारंवार मार बसलेल्याने पुन्हा मैदानात उतरावे काय? १९२८ साली डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूची हानी वर्णिली. धडा मात्र बव्हंशी मुष्टियुद्धापुरताच राहिला. चेंडू हाती घेऊन एकमेकांवर धडकण्याचा अमेरिकन फुटबॉल चालूच होता. २००२ साली त्यातील नामांकित खेळाडू माइक वेब्स्टर पन्नाशीतच वारला. त्याच्या मेंदूतही तशाच जातीचा ऱ्हास डॉ. बेनेट ओमालू यांना आढळला. त्यांचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. २००९ साली वॉशिंग्टन राज्याने कायदा केला : शंका येताच मुलाला बाहेर काढावे, वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी संमतीवाचून परत घेऊ नये. आम्हांस यातले मर्म हेच वाटते, की 'खेळू का?' याचा निवाडा करणारा मेंदूच येथे जखमी असतो. तेव्हा तो निवाडा एकट्या खेळाडूच्या हिंमतीवर सोडणे न्यायाचे नव्हे.